इंजिनाच्या कौतुकात मागचा एक्सल राहून गेला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : जुन्या मोटारींच्या शर्यतींविषयीचा पुरवणीतील लेख आणि मागच्या एक्सलची निवड

रोज रस्त्यावर चालवायची आणि वर्षातून एखाद-दोनदा सरळ धावेच्या शर्यतीत उतरवायची, अशा दुहेरी कामासाठी नाशिकच्या काही तरुणांनी जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारी नव्याने उभ्या केल्या आहेत. त्यांच्याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. या मुलांनी शनिवार-रविवार गॅरेजमध्ये हात काळे करून जे केले आहे त्याचे कौतुक व्हायलाच हवे, आणि लेखकाने ते मोकळ्या मनाने केले आहे. मात्र टर्बो, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, रंग, फार काय सीट कव्हरचे कापड यांवरही परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणाऱ्या त्या लेखात मागच्या चाकांना फिरवणाऱ्या एक्सलच्या वाट्याला एकच वाक्य आले होते, आणि तेही चुकीचे होते. ‘४.५६ चा एक्सल बसवल्यामुळे गाडीची ताकद वाढली,’ असे ते वाक्य. सातपूरच्या एका कारखान्यात गियर विभागात तीस वर्षे दात कापण्यात आणि तपासण्यात घालवलेल्या माणसाला असे वाक्य वाचून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. जागा अपुरी पडल्यास आपण हवी तिथे कात्री लावावी; फक्त वेल्डिंगविषयीचा परिच्छेद तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

प्रथम त्या आकड्याविषयी. ४.५६ म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या दातचाकाला, क्राउनला, ४१ दात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान दातचाकाला, पिनियनला, ९ दात. पिनियनला १० दात असतील तर भागाकार ४.१० येतो आणि ११ असतील तर ३.७३. एवढेच त्या आकड्याचे रहस्य आहे : गियरबॉक्सपासून मागे एक्सलपर्यंत येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टने किती फेरे घेतले की चाकाचा एक फेरा पुरा होतो, हे तो सांगतो. आकडा मोठा झाला की चाकावरचा पीळ (टॉर्क) वाढतो, पण त्याच प्रमाणात चाकाचा वेग घटतो. इंजिनाची अश्वशक्ती आहे तेवढीच राहते. खरे तर घर्षणात थोडी वाया जाऊन चाकापर्यंत कमीच पोहोचते. एक्सल बदलून ताकद वाढत नाही, असलेली ताकद कोणत्या वेगाला वापरायची ते ठरते. याचे माझ्या आवडीचे उदाहरण जीपचे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपच्या एक्सलचे प्रमाण ४.८८ होते. युद्ध संपल्यावर, १९४५ साली, तीच जीप शेतकऱ्यासाठी सीजे-२ए म्हणून बाजारात आली तेव्हा ते ५.३८ करण्यात आले, म्हणजे ४३ आणि ८ दात. सैन्याला ताफ्याबरोबर पळायचे होते, शेतकऱ्याला नांगर ओढायचा होता. बाकीची गाडी बरीचशी तीच राहिली आणि मागचे दात कामाप्रमाणे बदलले. आपल्याकडचे जुने जीपवाले मिस्त्री आजही गाडीची ओळख ‘त्रेचाळीस-आठ’ किंवा ‘एकोणचाळीस-आठ’ अशीच करून देतात, आणि ती बोनेटवरच्या नावापेक्षा अधिक उपयोगी असते.

आता प्रश्न असा, की दुहेरी कामाच्या गाडीला कोणता आकडा योग्य? लेखातली मुले शर्यतीसाठी अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर जातात आणि गाडी ट्रकवर न चढवता स्वतः चालवत नेतात. नाशिकहून निघायचे, सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, नारायणगाव, चाकण, मग तळेगाव-लोणावळा, आणि शर्यत संपली की त्याच वाटेने परत यायचे. येऊन-जाऊन पाचशे किलोमीटर धरा. शर्यत ४०२ मीटरची, म्हणजे पाव मैलाची असते. दिवसभरात सहा धावा मिळाल्या तरी अडीच किलोमीटर भरत नाहीत. उरलेले पाचशे किलोमीटर कोणी मोजत नाही, कारण त्यांचा फोटो निघत नाही.

त्या पाचशे किलोमीटरांचा हिशेब मी मांडून पाहिला. १९५/६० आर १५ मापाच्या टायरचा व्यास ६१५ मिलिमीटर असतो, म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे ५१८ फेरे घेते आणि ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला ८६३. चौथा गियर थेट, म्हणजे एकास एक, असे मानले तर या वेगाला ३.७३ च्या एक्सलवर इंजिन ३,२०० च्या आसपास फिरेल, ४.१० वर सुमारे ३,५४० आणि ४.५६ वर ३,९३५. ३.७३ आणि ४.५६ यांच्यात दर किलोमीटरला इंजिनाचे ४३० फेरे जास्त, पाचशे किलोमीटरांत दोन लाखांहून अधिक. आणि तेवढे पेट्रोल, तेवढी उष्णता, कानाशी तेवढा घोंगाट. अर्थात गाडीला पाचवा गियर असेल आणि त्याचे प्रमाण ०.८५ असेल, तर ४.१० चा एक्सल त्याच वेगाला ३,००० वर समाधानाने चालतो. म्हणून एक्सलचा आकडा ठरवण्याआधी गियरबॉक्स कोणता आहे हे विचारावे लागते. चारच गियर असलेल्या जुन्या गाडीला ४.५६ लावणारा माणूस संगमनेर येईपर्यंत स्वतःलाच दोष देऊ लागतो.

हाच हिशेब शर्यतीच्या बाजूने उलटा करता येतो. पाव मैलाच्या शेवटच्या रेषेवर गाडीचा वेग ताशी १५० किलोमीटर असेल आणि ती रेषा चौथ्या गियरमध्ये ओलांडायची असेल, तर ३.७३ वर इंजिन ४,८३० वर असेल, ४.१० वर ५,३०० वर आणि ४.५६ वर ५,९०० वर. ज्या इंजिनाची सर्वाधिक शक्ती ५,२०० च्या आसपास मिळते त्याला ४.१० पुरेसे आहे, ४.५६ लावले तर शेवटचे पन्नास मीटर ते नुसते ओरडते. इंजिनाचा आलेख न पाहता एक्सल निवडणे म्हणजे माप न घेता चप्पल घेण्यासारखे आहे. ज्याच्या हाती आपल्या गाडीचे आकडे आहेत त्याला हा गुणाकार-भागाकार पाच मिनिटांत करता येतो, आणि त्या पाच मिनिटांमुळे क्राउन-पिनियनच्या दुसऱ्या जोडीचे पैसे वाचतात.

टायरचाही या हिशेबात हात असतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तेच ३.७३ ठेवून १८५/६० आर १४ चे, म्हणजे ५७८ मिलिमीटर व्यासाचे टायर लावले, तर गाडी ३.९७ चा एक्सल असल्यासारखी वागते. उलट ४.१० लावायचे आणि दिसायला रुबाबदार म्हणून मागे ६५० मिलिमीटरचे टायर चढवायचे, म्हणजे हिशेब ३.८८ वर परत येतो आणि नव्या दातांचा निम्म्याहून अधिक फायदा रुबाबात जातो. लेखातल्या छायाचित्रातली पिवळी गाडी बहुधा याच वर्गातली असावी, असे मला टायर पाहून वाटले. चुकत असल्यास मालकाने क्षमा करावी.

इथपर्यंत वेगाचा विचार झाला. या पत्राचे खरे कारण पुढे आहे, आणि ते म्हणजे एक्सलची मजबुती. आधी एक्सल मजबूत करावा आणि मगच दात किंवा टायर बदलावेत, हा क्रम आमच्या घरच्या गाडीच्या बाबतीत आम्ही उलटा केला. त्याची हकिगत सांगतो. गाडी कोणत्या कंपनीची आणि वर्कशॉप कोणाचे हे लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण त्यात आमचाही दोष होता.

माझ्या पुतण्याने जुन्या सेडानमध्ये मोठे इंजिन बसवले. मूळ एक्सल त्याला झेपणार नाही एवढे त्याला समजत होते, म्हणून त्याने भंगारातून एका जड वाहनाचा रुंद एक्सल आणला आणि तो दोन्ही बाजूंनी कापून गाडीच्या मापाचा करून घेतला. हाउसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, काम चांगले झाले होते. आतून चाकांपर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या बाबतीत मात्र वर्कशॉपवाल्याने सोपी वाट धरली : मूळचे शाफ्ट लहान कापले आणि उरलेल्या टोकावर नव्या स्प्लाइन, म्हणजे शाफ्ट गियरमध्ये अडकवणाऱ्या लांबट खाचा, कापून दिल्या. मी तेव्हा विचारले होते, की हे शाफ्ट वरून कडक केलेले असतात, त्याचे काय? ‘काका, जड गाडीचा माल आहे, काही होत नाही,’ असे पुतण्याने सांगितले आणि मीही फार ताणले नाही. त्या अवस्थेत गाडी वर्षभर नाशिकच्या रस्त्यांवर बिनतक्रार चालली. मग शर्यत जवळ आली तसे त्याने मऊ रबराचे शर्यतीचे टायर चढवले. दुसऱ्याच धावेला क्लच सोडताक्षणी ‘टण्’ असा आवाज आला, इंजिन मोकळे फिरू लागले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

घरी आणल्यावर शाफ्ट बाहेर काढला. नव्याने कापलेल्या स्प्लाइन जिथे संपत होत्या नेमका तिथेच तो तुटला होता. तुटलेले तोंड उजेडात धरले तेव्हा काठाकडचा निम्मा भाग तेलाने काळा पडलेला आणि गुळगुळीत दिसला, त्यात झाडाच्या खोडात असतात तशा बारीक रेषा होत्या. मधला भाग मात्र खडीसाखरेच्या खड्यासारखा खरखरीत आणि चकचकीत होता. याचा अर्थ सरळ होता. चकचकीत भाग त्या दिवशी तुटला, काळा भाग त्याआधी कित्येक महिन्यांपासून थोडा थोडा फाटत आला होता. स्प्लाइनच्या रेषाही सरळ राहिल्या नव्हत्या. त्या वेणीसारख्या पिळल्या होत्या. लोखंडाने पुरेशी आगाऊ सूचना दिली होती, ती पाहायला आम्ही शाफ्ट एकदाही उघडला नव्हता.

कारणे दोन. शाफ्टचा कडक थर काही मिलिमीटर जाडीचाच असतो. टोक कापून त्यावर नव्या स्प्लाइन पाडताना तो थर खरवडून निघाला आणि आतले मऊ पोलाद उघडे पडले. दुसरे, स्प्लाइन जिथे संपतात तिथे कोपऱ्याला गोलाई न ठेवता कटर सरळ बाहेर काढला होता. पिळाचा सगळा ताण अशा धारदार कोपऱ्यात जमा होतो आणि भेग तिथूनच निघते. कापडाला कात्रीने एक छेद दिला की ते हाताने फाटते, तसेच हे. पण मग वर्षभर का टिकले? कारण साध्या रस्त्याचे टायर हे अशा गाडीचे फ्यूज असतात. हिशेबासाठी इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर, पहिला गियर ३.५ आणि एक्सल ४.१० धरला, तर चाकांकडे २,८७० न्यूटन-मीटर पोहोचू पाहतात. मागच्या चाकांवर ७०० किलो भार, घर्षण ०.९ आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर असेल, तर टायर १,८५० च्या आसपासच पकड सोडून फिरू लागतो आणि शाफ्ट वाचतो. शर्यतीच्या टायरचे घर्षण १.३ धरले तर हीच मर्यादा जवळजवळ दीडपट होते. इंजिन तेच, दात तेच, वाढली ती फक्त पकड. फ्यूज जाड तारेचा केला की वायरिंग जळते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते, मोटारीत मात्र आपण ते विसरतो.

या दीडपट भाराला उत्तर म्हणून शाफ्टची जाडी किती वाढवावी लागते? ऐकून आश्चर्य वाटेल, फक्त चार मिलिमीटर. भरीव शाफ्टची पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २८ चा शाफ्ट ३२ चा केला की तो जवळजवळ दीडपट पीळ घेतो. आम्ही दुसऱ्या वेळी जुना शाफ्ट कापला नाही. ईएन-२४ या मिश्र पोलादाचा नवा बार घेतला, टर्निंग आणि स्प्लाइन आधी करून घेतल्या, प्रत्येक पायरीला गोलाई ठेवली आणि मग हीट ट्रीटमेंटला दिला. अंबड आणि सातपूरच्या वसाहतींत ही तिन्ही कामे करणारे लोक एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. नाशिकच्या मुलांना हे भाग्य आहे आणि त्यांनी त्याचा उपयोग करून घ्यावा. फक्त ईएन-८ या साध्या पोलादाच्या बारावर भागवून ‘तेच आहे’ असे सांगणारा भेटला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे.

जिथे ही हौस जन्मली त्या अमेरिकेत या बाबतीत काय केले जाते, हेही पाहण्यासारखे आहे. तिथले लोक दुहेरी कामाच्या गाडीला फोर्डचा नऊ इंची एक्सल किंवा डाना ६० हा जड एक्सल सर्रास लावतात. फोर्डचा हा एक्सल १९५७ साली गाड्यांमध्ये आला आणि १९८६ पर्यंत बसवला जात होता. त्याचे क्राउन-पिनियन एका गठ्ठ्यात पुढून बाहेर निघते, म्हणून लोक एक गठ्ठा रस्त्यासाठी आणि दुसरा शर्यतीसाठी तयार ठेवू शकतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिनियनच्या दातांपलीकडच्या टोकालाही त्यात बेअरिंगचा आधार असतो. पूर्ण भाराखाली पिनियन क्राउनपासून दूर ढकलले जाते आणि दात टोकावर घासू लागतात. तो आधार ही ढकल रोखतो. आपल्याकडे असा गठ्ठा दुकानात मिळत नाही, पण एक्सल निवडताना पिनियनला किती बेअरिंगांचा आधार आहे हे पाहणे आपल्याही हातात आहे. आणि एक लक्षात ठेवावे : क्राउन तोच ठेवून आकडा वाढवायचा म्हणजे पिनियनचे दात कमी करायचे, म्हणजे पिनियन बारीक होत जाते. ४.५६ चे नऊ दाती पिनियन ३.७३ च्या अकरा दाती पिनियनपेक्षा हाताला लहान लागते, ते नाजूकही तेवढेच असते.

क्राउन-पिनियन बसवण्याविषयी एक तक्रार मला करायची आहे, आणि ती कोणा एकाविरुद्ध नाही, पद्धतीविरुद्ध आहे. आपल्याकडे नवी जोडी आली की जुन्याच शिमांवर, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांवर, ती आवळून ‘हाताला बरोबर लागते’ म्हणून हाउसिंग बंद केले जाते. जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून तयार केलेली असते, दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो आणि प्रत्येक जोडीची खोली थोडी निराळी असते. म्हणून पिनियनची खोली शिमने ठरवावी लागते, बेअरिंगला ठरलेला ताण द्यावा लागतो, डायल गेज लावून दातांमधली मोकळीक पाहावी लागते, आणि ती साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असली पाहिजे. त्यानंतर दातांना निळा रंग लावून क्राउन दोन्ही दिशांना फिरवायचा आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या मधोमध पडला तर काम झाले. तो मुळाशी पडला तर पिनियन फार आत गेले आहे, टोकाशी पडला तर फार बाहेर राहिले आहे. पुन्हा सगळे उघडायचे, शिम बदलायचा, पुन्हा निळा. आमच्या विभागात एका जोडीला हे चार-चार वेळा करावे लागे आणि कोणाला त्याचा कंटाळा आलेला मी पाहिला नाही. आज गाडी ताशी साठला ‘रडते’ म्हणून तक्रार आली, की जाड तेल भरून आवाज दाबण्याचा सल्ला दिला जातो. रडणे थांबते, दात खाणे थांबत नाही.

तेलाविषयी एवढेच, की क्राउन-पिनियनच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या, दातांना जीएल-५ दर्जाचेच तेल लागते, आणि लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळे फिरू न देणारी यंत्रणा) असेल तर त्यात तिच्यासाठीचे पूरक द्रव्य घालावे लागते. नव्या जोडीला पहिले पंचवीस-तीस किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, पहिल्या आठशे किलोमीटरांत जोर लावू नये आणि मग तेल बदलावे. शुक्रवारी रात्री जोडी बसवून रविवारी सकाळी शर्यत, हा बेत ज्यांनी केला त्यांचे दात निळे-जांभळे झालेले मी पाहिले आहेत.

आता वेल्डिंग. लेखात एका तरुणाने अभिमानाने सांगितले आहे, की त्याने डिफरन्शियलच्या आतले छोटे गियर वेल्ड करून ‘दोन्ही चाके एक केली’. हे काम कोपऱ्यावरचा वेल्डर तासाभरात, पाचशे-हजार रुपयांत करून देतो, म्हणूनच ते धोकादायक आहे. डिफरन्शियलचे कामच मुळी वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी फिरू देणे हे आहे. ते बंद केले की सीबीएसच्या चौकातल्या प्रत्येक वळणावर एक चाक फरफटत जाते, टायर किंचाळतो आणि तो सगळा पीळ दोन्ही शाफ्टांना उलट दिशांनी सोसावा लागतो. शाफ्टला भेगा पाडण्याची याहून चांगली युक्ती मला ठाऊक नाही. पावसाळ्यात कसाऱ्याच्या किंवा चंदनापुरीच्या घाटात ओल्या वळणावर अशी गाडी आधी स्टेअरिंग न मानता सरळ जाऊ पाहते आणि नंतर मागून एकदम सुटते. त्या वेळी समोरून येणाऱ्या एसटीतल्या प्रवाशांनी कोणता गुन्हा केलेला असतो? वेल्ड केल्याने त्या छोट्या गियरांचे कडक पोलाद ठिसूळही होते, आणि त्याचा तुकडा उडून क्राउन-पिनियनमध्ये सापडला तर मागची चाके चालत्या गाडीत जाम होतात. अमेरिकेत शर्यतींचे नियम करणाऱ्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने असे वेल्ड केलेले डिफरन्शियल धावपट्टीवरही मना केले आहे. ज्या देशात ही कल्पना वापरून, मोडून, तपासून झाली तिथे ती धावपट्टीवर चालत नाही, आणि आपण ती गंगापूर रोडवर चालवतो. दोन्ही चाकांना जोर हवाच असेल तर लिमिटेड स्लिप बसवावी. ती महाग आहे, हे मला मान्य आहे.

त्याच संस्थेचा आणखी एक नियम उचलण्यासारखा आहे. ठरावीक वेळेपेक्षा वेगवान गाड्यांना प्रॉपेलर शाफ्टभोवती पोलादी कडे लावावे लागते : सुमारे ६ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर रुंद, पुढच्या क्रॉसपासून, म्हणजे शाफ्टच्या पुढच्या सांध्यापासून, १५० मिलिमीटरच्या आत. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक खाली रस्त्यात रुतून गाडी उलटू शकते. ते कडे त्याला वर धरून ठेवते. पट्टी, दोन बोल्ट आणि अर्ध्या दिवसाचे काम. कमानींवरच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत जोर लावताना पिनियनचे नाक वर उठते आणि कमान पिळली जाते, त्या पिळण्याने चाके उड्या मारू लागली की क्रॉस आणि शाफ्ट दोन्ही एका झटक्यात जातात. म्हणून एक्सल बसवताना पिनियनचे नाक एक-दोन अंश खाली ठेवणे आणि कमानीला आधाराचे दांडे देणे, हे दात बदलण्याइतकेच आवश्यक आहे. लेखातल्या एकाही गाडीखाली असे कडे असल्याचा उल्लेख नाही.

कायद्याचा उल्लेखही लेखात नव्हता. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. मोठ्या इंजिनाची अदलाबदल यात सरळ येते; एक्सलच्या दातांचे प्रमाण नोंदणीपत्रात लिहिलेले नसले तरी विमा कंपनीला ते कळवणे शहाणपणाचे आहे. आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. रॅली ऑफ महाराष्ट्र भरवलेल्या या शहरात रीतसर स्पर्धा म्हणजे काय हे शिकवायला माणसे कमी नाहीत, तेव्हा मध्यरात्रीच्या मुंबई-आग्रा रस्त्याची गरज कोणाला पडू नये.

एक लहानशी गोष्ट राहिली. ज्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल गियरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते, त्यांत ३.७३ जाऊन ४.१० आले की काटा दहा टक्के जास्त दाखवतो. लेखातल्या त्या तरुणाने घरच्या रस्त्यावर १६० पाहिल्याचे सांगितले आहे. त्याने केबलचा छोटा गियर बदलला नसेल तर तो प्रत्यक्षात १४५ वर असावा. तेही त्या रस्त्याला फार झाले.

आपण ‘ताकद वाढली’ या वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि पुढच्या लेखासाठी आपल्या प्रतिनिधीला गाडीच्या पुढे उभे न करता खाली झोपवावे, अशी विनंती आहे. आमचा तुटलेला शाफ्ट मी फेकून दिलेला नाही. तेलाचा हात फिरवून तो दाराशेजारच्या कपाटावर ठेवला आहे. आपले छायाचित्रकार कोणत्याही रविवारी सकाळी आले तर तो काळा भाग आणि त्या पिळलेल्या स्प्लाइन त्यांना दाखवता येतील. सकाळचा उजेड असावा, कारण त्या रेषा ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत.

आपला,
एक निवृत्त गियर-कारागीर
सातपूर, नाशिक